बारा पिढ्यांचं पॅकिंग

“हे तुम्हाला खरं वाटणार नाही,” मेंग म्हातारा म्हणाला, “आणि तुमच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं नसतं. पण एका अख्ख्या घराण्याच्या बारा पिढ्या मी या हातांनी इंजिनात बसवल्यात. बोल्ट आवळून! आणि त्या दिवशी आमची होडी अशी पळाली, अशी पळाली, की वारा मागून हाका मारत होता, अरे बाबांनो, जरा दमानं घ्या!”

उलमो बेटाच्या धक्क्यावर जाळी ठेवायची एक खोपी आहे, तिच्यात तिघंच जण बसले होते. एक मेंग, बेटावरचा एके काळचा इंजिनवाला. दुसरा दोकचिल, ज्याच्या होडीचा पाण्याचा पंप कालपासून गळत होता आणि ज्याला मोकपो शहराहून येणाऱ्या बोटीने झाकणाखालचं नवं पॅकिंग येईपर्यंत चार दिवस हातावर हात धरून बसायचं होतं. तिसरी मेंगची बायको ओकबुन. ती दाराशी पाठमोरी बसून कालवं फोडत होती. तिची आकडी टक् टक् चालली होती, आणि ती टकटक चालू असेतो मेंगला घोर नव्हता. पन्नास वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता.

“काका, गोष्ट राहू दे,” दोकचिल म्हणाला. “सगळे बाहेर पडलेत. मी थांबू की काहीतरी कापून बसवू, तेवढं सांगा.”

“तेच सांगतोय ना! ऐक तर.”

आणि मेंगने बैठक मारली.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि प्योन तांडेलाच्या होडीवर इंजिनवाला होता. एका सिलिंडरचं इंजिन. आधी इंजिनाच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा दिव्याच्या ज्योतीने लालबुंद करायचा, मग चाकाला हिसका द्यायचा, आणि मग ते टोंग, टोंग करत निघायचं. पहिल्या हिसक्याला सुरू झालं तर तो सणाचा दिवस. एरवी मेंग त्याला शिव्या द्यायचा. अशा शिव्या, की धक्क्यावरच्या बाया मुलांचे कान धरून त्यांना घरी न्यायच्या.

वसंतातलं उधाण लागलं होतं. चिल्सानच्या समुद्रात पिवळे ढोमे आले होते. पोकळ बांबू पाण्यात सोडून कान लावला की खालून त्यांची टर्रटर्र ऐकू यायची, जणू पावसाळ्यातलं बेडकांचं शेतच समुद्राच्या तळाशी मांडलंय. उधाण पाच दिवसांचं. पाच दिवसांनी ढोमे उत्तरेला निघून जाणार, ते पुढच्या वर्षापर्यंत. आणि नेमक्या पहिल्याच सकाळी पंपाच्या झाकणाखालचं पॅकिंग फाटलं. इंजिनाला गार ठेवणारं पाणी सगळं होडीच्या पोटात. इंजिन तापलं, कण्हलं, बंद पडलं.

“आमच्यासारखंच!” दोकचिल म्हणाला.

“तुझं काय जाणार आहे? चार दिवसांची मासळी! माझं काय जाणार होतं, विचार.”

दोकचिलने विचारलं नाही, पण मेंग थांबला नाही.

प्योन तांडेलाला एकच मुलगी होती. मोकपोच्या एका भातगिरणीवाल्याने तिला आपल्या मुलासाठी मागणी घातली होती. तांडेल साठीला आला होता, गुडघे कुरकुरत होते. त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, “या उधाणाला होडी भरून आली, तर मी समुद्र सोडणार नाही आणि माझी पोरही बेट सोडणार नाही. रिकामी राहिली, तर समुद्राने मला घरी बसायला सांगितलं असं समजेन. होडी विकून टाकेन आणि पोरीच्या मागोमाग गिरणीच्या ओसरीवर जाऊन बसेन.” मेंग त्या मुलीशी तोवर एकूण सात वाक्यं बोलला होता. सातही किमचीबद्दल. पण सातवं वाक्य बोलताना ती हसली होती, आणि तेव्हापासून मेंगला झोप नव्हती.

आता यातली गंमत बघा. मोकपोची बोट पाचव्या दिवशी यायची होती. तिच्यातूनच नवं पॅकिंग येणार होतं आणि तिच्यातूनच गिरणीवाला आपल्या मुलाला, मध्यस्थ बाईला आणि भेटीच्या टोपल्यांना घेऊन उतरणार होता. म्हणजे पॅकिंगची वाट बघायची म्हणजे जावयाचीच वाट बघायची!

दाराशी आकडी एक क्षण थांबली. मग पुन्हा टक् टक् सुरू झाली.

“तांडेल म्हणाला, थांबू,” मेंगने आवाज चढवला. “तो धक्क्यावर मांडी घालून बसला, डोळे आडव्या रेषेवर. म्हणाला, चुकीचा भाग बसवण्यापेक्षा भाग नसलेला बरा. दीड मिलिमीटर म्हणजे दीड मिलिमीटर. कमी झालं तर आतला पंखा झाकणाला घासेल, जास्त झालं तर पाणी ओढणार नाही. कारखान्यात मोजून कापतात ते उगीच नाही. वाट बघणं हेही काम आहे, म्हणाला.”

“तांडेल?” दोकचिल म्हणाला. “तांडेलाला मिलिमीटर कळायचे?”

“हुशार माणूस होता.”

“अन तुमच्या खिशात तो जाडी मोजायचा पितळी कॅलिपर असतो ना, ज्याने तुम्ही माकुळ मासळीचेही काप मोजता…”

“तू गोष्ट ऐकतोयस की माझे खिसे तपासतोयस?” मेंग खेकसला. “तर मी म्हणालो, तांडेल, मला एक रात्र द्या! मी आधी बूट कापून बसवला. सुटला. मग घोंगडीचा तुकडा. भिजून लापशी झाली. वाळवलेल्या माकुळाचा काप सुद्धा लावून बघितला. पंपाने तो शिजवला आणि खलाशांनी खाल्ला. दोन दिवस गेले. बाकीच्या होड्या ढोम्यांनी भरून येत होत्या, ढोल वाजवत! आणि आमची होडी बांधलेल्या बैलासारखी उभी.”

तिसऱ्या पहाटे त्याच्या डोक्यात वीज चमकली. कागद! पण साधा नव्हे, आपला तुतीच्या सालीचा कागद. जो भिजत नाही, फाटत नाही, ज्याची जुन्या काळी चिलखतं करायचे. आणि असा कागद बेटावर कुठे होता? प्योनांच्या घरी, काळ्या पेटीत. त्यांच्या घराण्याची वंशावळ! बारा पिढ्यांची नावं, रेशमी दोऱ्याने शिवलेली. आग लागली तर प्योन आधी ती पेटी उचलतील आणि मग पोरंबाळं, अशी त्यांची ख्याती.

“काका!” दोकचिलचे डोळे मोठे झाले. “वंशावळ फाडलीत?”

“फाडली नाही. मानाने सोडवली.”

तांडेल टेकडीवर पाण्याचा रंग बघायला गेला होता. मेंग मांजरासारखा घरात शिरला. आतल्या खोलीची जाड तेलकागदाने मढवलेली जमीन, खालून चुलीच्या धगीने ऊबदार, सोयाबीनचं तेल पाजूनपाजून पिवळीधमक आणि अशी गुळगुळीत, की त्याचा पाय सटकला आणि तो बसल्या बसल्याच पेटीपर्यंत घसरत गेला. “वेळ वाचला,” मेंग म्हणाला. त्याने पेटीपुढे दोनदा साष्टांग वाकून नमस्कार केला, कारण मेलेल्यांना दोनदा वाकायचं असतं, आणि पेटी बगलेत मारली.

आता बारा पानं घेऊन त्याने पंपाच्या तोंडावर ठेवली आणि कडेकडेने हलक्या हाताने ठोकत गेला. धातूची कडच कागद कापते, कात्री लागत नाही. ठक ठक ठक ठक, बोल्टांची भोकं सुद्धा ठोकूनच पाडायची. झाकण लावलं, गोळा तापवला, हिसका दिला. पंखा घासायला लागला! जाडी केसभर कमी पडत होती. म्हणून त्याने तेरावं पान घातलं, तर पंप पाणीच ओढेना. तेरावं काढलं आणि बारातल्या एका पानाच्या जागी बाराव्या पिढीतल्या एका जाड्या काकाचं पान उलटं करून घातलं. बरोब्बर! दीड मिलिमीटर! एक थेंब बाहेर नाही!

“जाड्या काकाचं पानही जाड होतं होय?” दोकचिल म्हणाला.

“शाई जास्त लागली होती. पदव्या भरपूर.”

टोंग! टोंग! टोंग! होडी उसळली. खलाशी धावत आले, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या हातात अजून भाताचा वाडगा. तांडेल टेकडीवरून गुडघे विसरून उड्या मारत खाली आला. “कसं केलंस, कसं केलंस?” आणि मेंग म्हणाला, “मग सांगतो, आधी दोर सोडा!”

चिल्सानला पोचले. तांडेलाने बांबू पाण्यात सोडला, कान लावला आणि ताडकन मागे झाला. बांबूतून टर्रटर्र अशी आली, की त्याची टोपी उडाली. “खाली समुद्र नाहीच!” तो ओरडला. “नुसते ढोमेच आहेत, अधेमधे थोडं पाणी!” जाळं टाकलं. सहा जणांनी ओढलं, हललं नाही. मग इंजिनाला बांधून ओढलं. इंजिनाने दम खाल्ला, ते खोकलं, आणि त्याच वेळी तांडेलाला वास आला.

“मेंग, इंजिनाला हा कसला वास येतोय? सोयाबीनच्या तेलाचा?”

इथे दोकचिलने हात वर केला. “थांबा. वंशावळीला सोयाबीनच्या तेलाचा वास कसा येईल?”

मेंग जरासा अडखळला. “खात्यापित्या घरचे लोक. पानं उलटताना बोटं तेलकट.”

आकडी पुन्हा थांबली. या वेळी जरा जास्त वेळ. मेंग घाईघाईने पुढे निघाला.

तर तांडेल खाली उतरला, त्याने झाकणाच्या कडेला कंदील धरला, आणि कागदाच्या काठावर त्याला आपल्या पणजोबांचं नाव दिसलं. उलटं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला, मग ढोम्यासारखा पिवळाजर्द. “हरामखोरा! माझे बापजादे!” तो मेंगची मानगूट धरून त्याला समुद्रात फेकणार, एवढ्यात मेंग ओरडला, “फेका! पण मग त्यांना पुन्हा बाहेर कोण काढणार? मला काढलंत तर इंजिन बंद, इंजिन बंद तर जाळं बुडणार, आणि तुमचे बारा पूर्वज इथेच समुद्राच्या तळाला! त्यांच्या श्राद्धाला दर वर्षी इथे पोहत येणार का?”

तांडेलाने मानगूट सोडली. मग त्याने टोपी सारखी केली, पंपापुढे गुडघे टेकले आणि दोनदा वाकला. सहाही खलाशी वाकले. वाडगाभर तांदळाची दारू इंजिनावर ओतली. आणि तांडेलाने हुकूम सोडला, “आजपासून या इंजिनाला कुणी शिवी द्यायची नाही! माझे आजोबा आत आहेत.”

मेंगची तर पंचाईतच झाली. शिव्यांशिवाय ते इंजिन त्याला चालवताच येत नव्हतं. पण करतो काय? टोंग मंदावली की तो हात जोडून म्हणायचा, “आजोबा, आपण जरा मनावर घ्याल का? तसदीबद्दल क्षमा असावी.” आणि काय सांगू, इंजिन घ्यायचं मनावर!

दोन दिवस मासे मारले. होडी अशी भरली, की खलाशांना उभं राहायला जागा नव्हती, ते आळीपाळीने एकमेकांच्या खांद्यावर उभे राहत. मग परत निघायचं ठरलं. पाचवा दिवस, सकाळ. मोकपोची बोट दुपारी उलमोला लागणार. तिच्या आधी पोचायलाच हवं! तांडेलाने शब्द दिला होता, पण त्याची बायको आणि मध्यस्थ बाई एका खोलीत अर्धा तास बसल्या असत्या, तर तो शब्द कुणी जुमानला नसता.

“आणि तिथे पूर्वजांनी आपले रंग दाखवायला सुरुवात केली,” मेंगने मांडीवर थाप मारली. “तिसऱ्या पिढीचा होता एक रंगेल, त्याची प्रत्येक बंदरात एक होती. झालं! वाटेतलं प्रत्येक गाव आलं की होडी आपोआप तिकडे वळायची. दोघं सुकाणूला लटकले तेव्हा कुठे सरळ राहिली! मग पाचव्या पिढीचा नौदलातला अधिकारी जागा झाला. अरे बापरे! होडीने नाक वर केलं, आणि लाटा फोडायचं सोडून त्यांच्यावरून उड्या मारत निघाली! समोर मोकपोची बोट, काळा धूर सोडत, कठड्याला गिरणीवाला, त्याचा मुलगा, नवी टोपी घातलेला. आमच्यात हजार पावलांचं अंतर. आठशे. पाचशे! बोटीच्या कप्तानाने आम्हाला बघितलं आणि त्यालाही चेव आला, त्यानेही वाफ वाढवली! टोपल्या गडगडल्या, मध्यस्थ बाई खुर्चीसकट घरंगळत मागे गेली. मी हात जोडून ओरडतोय, आजोबा! पणजोबा! खापरपणजोबा! शंभर पावलं! पन्नास! आम्ही तिच्या बरोबरीला आलो, मी गिरणीवाल्याच्या पोराच्या डोळ्यात डोळे घालून बघतोय, आणि बंदराच्या अगदी तोंडाशी…”

“काय झालं?” दोकचिल पुढे सरकला होता. त्याला स्वतःचा गळका पंप आठवत नव्हता.

“इंजिन बंद.”

“अरे!”

“सातवी पिढी. राजदरबारच्या परीक्षेत अकरा वेळा नापास झालेला पंडित. मी हिसका दिला. बंद. पुन्हा दिला. बंद. बोट पुढे निघून चालली! मी मोजतोय, नऊ, दहा, अकरा. तांडेल रडतोय. आणि बाराव्या हिसक्याला, दोकचिल, बाराव्या हिसक्याला तो पास झाला! असा पास झाला, की इंजिन टोंगटोंग करायचं सोडून कविता म्हणायला लागलं! आम्ही बोटीच्या नाकासमोरून धक्क्याला लागलो. भरल्या होडीचा झेंडा वर! ढोल! अख्खं गाव धक्क्यावर! तांडेलाने गिरणीवाल्याला उतरूच दिलं नाही, खालूनच एक टोपलीभर ढोमे वर चढवले आणि म्हणाला, शुभेच्छा! आणि बोटीवरच्या माणसाने एक छोटं पुडकं माझ्याकडे फेकलं. नवं कोरं पॅकिंग. मी ते बघितलं सुद्धा नाही. सरळ समुद्रात!”

मेंग थांबला. त्याला धाप लागली होती. आपल्यालाच आपली गोष्ट इतकी आवडावी याचं त्याला थोडं नवल वाटत होतं. बाहेर समुद्र शांत होता, आणि त्या शांततेत एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. टकटक थांबली होती. केव्हाची, कुणास ठाऊक.

“वा!” दोकचिल म्हणाला. मग त्याने डोकं खाजवलं. “पण काका, मग ती बारा पानं आता कुठे आहेत? परवा प्योनांच्या भावकीत एका नातवाचं बारसं झालं तेव्हा वंशावळ काढली होती. मी होतो तिथे. पहिल्या पानापासून वाचली.”

“ती… ती नक्कल,” मेंग म्हणाला. “मी ठोकताना मोगरी जपून मारली, म्हणून पुढे परत चिकटवता…”

“मोगरी?” दोकचिल म्हणाला. “इंजिनवाला हातोडी मारतो. मोगरीने तर बाया कापड बडवतात.”

ओकबुनने आकडी टोपलीत टाकली. ती उठली, वळली, आणि हात कमरेवर ठेवून तिने नवऱ्याकडे असं बघितलं, की मेंगने आपणहून कॅलिपर खिशात आणखी खोल ढकलला.

“खोटं!” ती म्हणाली. “धडधडीत खोटं! माझ्या माहेरच्या वंशावळीला कुणी बोट लावलेलं नाही. कापली ती माझ्या खोलीची जमीन. पेटीखालचा कोपरा, तेलकागदाचा, माझ्या आईने दहा वर्षं तेल पाजलेला. आणि कापली मी. माझ्या मोगरीने, त्या पंपाच्या तोंडावर ठेवून, ठक ठक, एका फटक्यात बरोबर. बाबा तर म्हणत होते, लावा काहीही, निघा! आणि धक्क्यावर मांडी घालून, हातात तो मापाचा पितळी काटा धरून, दीड मिलिमीटर म्हणजे दीड मिलिमीटर असं कोण म्हणत होतं, सांगू? बाबा? हा! हा माणूस! दोन दिवस वाट बघत बसला होता त्या बोटीची, जी मला न्यायला येत होती! मीच जाऊन ते झाकण याच्या मांडीवर आपटलं आणि म्हणाले, बसव, नाहीतर जाते मी गिरणीत! दोकचिल, ऊठ. उरलेला तुकडा अजून माझ्या पेटीत गुंडाळून ठेवलाय. आण तुझं झाकण.”